मेलेलं रेडियम

भर दुपारी आम्ही नवराबायको रजईत डोकं घालून बसलो होतो. मध्ये सांवेर गावच्या पटेलचं, दुरुस्तीला आलेलं अलार्म घड्याळ. काच मी काढलेली.

"काही नाही दिसत," मी म्हटलं.

"थांबा हो. डोळे सरावू द्या," कमल म्हणाली.

कृष्णपुऱ्यात माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. शिक्षण चौथी नापास. मध्य प्रदेश नवा नवा झाला होता. तेव्हाच्या घड्याळांच्या काट्यांवर, आकड्यांवर रेडियमचा लेप असायचा, अंधारात हिरवा चमकायचा. काही वर्षांनी तो विझायचा. मग गिऱ्हाईक म्हणायचं, "भिया, रेडियम मर गया, नया भर दो." आम्ही जुना लेप सुईने खरवडायचो, फुंकर मारायचो, नवा लावायचो. ब्रशला टोक काढायचं ओठांनी. सगळे असंच करायचे.

त्याच साली कमलला पोटात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यात डाक्टरसाहेब म्हणाले, "रेडियमच्या सुया ठेवू."

मी म्हटलं, "साहेब, मी घड्याळाला लावतो ते?"

"तेच. हा धातू आहे. फार दुर्मिळ. त्यातून सतत किरण निघतात. वाढतं मांस जाळतात. गाठही जाळतील, तुमचं बोटही जाळतील."

सुया बारीक, शेवटाला दोरा. आत ठेवायच्या, काही दिवसांनी दोऱ्याने ओढून काढायच्या. तोवर मी दारातूनच बोलायचं. नर्ससुद्धा लांब चिमट्याने उचलायची, शिशाच्या जाड डब्यात ठेवायची. ते पाहून मला माझी फुंकर आठवली.

"साहेब, आमच्याकडे तर ते मरतं."

ते हसले. "मरते ती लेपातली चमकणारी पावडर. रेडियमचे किरण खाऊन खाऊन ती थकते. रेडियम तसंच राहतं. निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. फुंकून उडवता? छातीत गेलं की तिथेच बसेल."

कमलला सांगितलं तर तिने आधी ब्रशवरून मला झाडलं. "आता तोंडात घातलात तर जेवण बंद!" मग विचारलं, "माझ्या सुयांचं काय केलं?"

"धुऊन दुसऱ्या बाईला."

"बरंय. रिकामं तर नाही बसत."

गाठ जिरली. पण रोग आधीच पुढे सरकला होता. डाक्टरसाहेबांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हाच मी समजलो. तिलाही समजलं होतं. तिला एकच उत्सुकता. मेलेल्या घड्याळात खरंच काही जिवंत आहे का? मला पटेलचं घड्याळ घरी आणायला लावलं.

तर रजईत आम्ही बसलो. बराच वेळ. गुदमरायला झालं. मग तिने माझं डोळ्याला लावायचं भिंग मागितलं, बाराच्या आकड्यावर धरलं.

"अहो! उकळतंय!"

मी पाहिलं. बारीक बारीक ठिणग्या, मुंग्यांसारख्या. एक विझली की दुसरी. चाळीस वर्षं घड्याळं उघडली, कधी दिसलं नव्हतं. पाहिलंच नव्हतं.

"आणि भिंग माझ्या पोटावर लावून बघा," ती म्हणाली. "मी चमकते का?"

"काढून नेलंय ते सगळं."

"बघा तर!"

पाहिलं. नाही चमकली. ती एवढी हसली की खोकला लागला.

दिवेलागणीच्या आत ती गेली.

तिला पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी पटेल पहिल्या बसने आला. दुकान बंद, म्हणून विचारत घरी. माझं मुंडण पाहून दारातच थबकला.

"भाईसाब, माफ करना. घड़ी फिर कभी."

"घ्या आजच. पण नवं लावणार नाही, जुनं खरवडणार नाही. त्या धुळीनं माणूस मरतो. रात्री कंदील धरा."

"पर रेडियम तो मर गया ना?"

हेच सगळे म्हणतात. चमक गेली की माल संपला असं समजतात, आणि फुंकून मोकळे होतात.

मी रजई ओढली, भिंग त्याच्या हातात दिलं. बिचाऱ्याने पगडी काढून ठेवली, आत डोकं घातलं.

"कुछ नहीं दिखता, भाईसाब."

"रुको," मी म्हटलं. "आँखों को आदत होने दो."