सरांची बुरशी पुन्हा घर बदलते

बुरशीच्या लॅबमध्ये किस्से साठायला काही करावं लागत नाही. ओल असली की झालं! तुम्ही नुसते एका कोपऱ्यात बसा, चारी बाजूंनी आपोआप उगवायला लागतात. कोलकात्याच्या या लॅबमध्ये मी आले तेव्हा ठरवलं होतं, की आपण इथे पाहुण्या. नवऱ्याच्या बँकेने बदलीची ऑर्डर काढली की निघायचं, कशात अडकायचं नाही. अडकले. आता भेटेल त्याला हे किस्से सांगत सुटते. नितीन, माझा नवरा, म्हणतो, "मेधा, एका जागी बसून एक गोष्ट तरी पूर्ण सांग." पण एका जागी बसणं मला जमत नाही. बदलीवाल्यांच्या घरात ते कुणालाच जमत नाही.

आधी काम काय ते सांगते. तळ्यात बुडालेलं लाकूड आणायचं, डब्यात ओल्या टिश्यू पेपरवर ठेवायचं, झाकण लावायचं आणि वाट बघायची. बऱ्याच दिवसांनी त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके येतात. ती आमची बुरशी. गोड्या पाण्यात राहते, बुडालेलं लाकूड कुजवून खाते, कुणाला त्रास देत नाही. त्रास होतो तो तिला नाव देणाऱ्यांना!

*

डबे जेवणाचेच असतात, साधे प्लास्टिकचे. एकदा लॅबचा एसी बिघडला म्हणून मी एक डबा घरी, बेहालाला, आणला आणि सकाळी ओट्यावर ठेवला. शेजारी नितीनचा डबा. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

दुपारी बँकेत सगळे जेवायला बसलेले. कुणाचा माछ-भात, कुणाची लुची. नितीनने मोठ्या ऐटीत डबा उघडला. आत ओला कागद आणि त्यावर एक कुजकं लाकूड!

सगळ्यांनी वाकून पाहिलं. मग शेजारच्या घोषबाबूंनी फार हळव्या आवाजात विचारलं, "दादा, बौदी राग कोरेछेन?" वहिनी रागावल्यात?

*

आता भादुडी सर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी बालीगंजहून रोज बस पकडून लॅबमध्ये येतात. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी शुभ्रादी आता लॅबच्या प्रमुख आहेत, पण सर आत आले की त्या अजूनही खुर्चीवरून उठतात. सर बोलतात बंगालीत. मी इथे मराठीत सांगतेय, चव थोडी उतरणारच.

तरुणपणी सरांना बेहालातल्याच एका तळ्यात, घाटाच्या बुडालेल्या फळीवर, एक बुरशी सापडली. तिच्या बीजाणूला, म्हणजे बीच म्हणा ना, दोन्ही टोकांना टोपी होती. पाण्याचा थेंब लागला की टोपी उलगडून तिचा लांब, बारीक दोरा व्हायचा. पाण्यात लाकडाला धरून राहायला तिला तो लागतो. असं तोवर कुणी नोंदवलं नव्हतं. सरांनी तिच्यासाठी नवा जीनस केला. जीनस म्हणजे आडनाव समजा. सरांनी आयुष्यात पेपर ढीगभर लिहिले, पण आडनाव एकच दिलं.

मग जगभरातून कुणालाही दोरेवाली बुरशी सापडली की ती सरांच्या आडनावात यायला लागली. घर कसं गजबजून गेलं! सर खूश.

आणि मग आलं डीएनए. त्याने सांगितलं, की दोरा सारखा असला म्हणून नातं असतंच असं नाही. पाण्यात राहायचं म्हटल्यावर ज्याने त्याने आपापला दोरा काढलाय. झालं, एकेक जात सरांच्या घरातून बाहेर पडायला लागली. कुणी थायलंडची, कुणी ऑस्ट्रेलियाची.

सरांनी यावर एक पद्धत पाडली. एखादी जात दुसरीकडे हलवल्याचा पेपर आला, की सर कोपऱ्यावरच्या दुकानातून संदेश, ती इथली पनीरची मिठाई, मागवणार आणि सगळ्यांना वाटणार. "घर बदलताना शेजाऱ्यांचं तोंड गोड करायचं असतं." इतका गोड माणूस मी बदल्यांच्या आयुष्यात पाहिला नाही, आमच्या शेजाऱ्यांनी तर ट्रक निघाल्यावर हुश्श केलेलं मी कानांनी ऐकलंय.

उरलेले संदेश सर स्वतः खायचे. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, शुगर एवढी वाढली कशाने?

सर म्हणाले, "डीएनएने!"

*

अर्कोची थिसिस याच जीनसवर. अर्को म्हणजे आमचा पीएचडीवाला, तिशीला टेकलेला, केस कमी आणि आशा भरपूर. बिचाऱ्याने लिहायला सुरुवात केली तेव्हा हा जीनस एका घराण्यात होता; अनेक आडनावं मिळून एक घराणं. मधल्या प्रकरणापर्यंत दुसऱ्या घराण्यात गेला. मग एका मोठ्या पेपरने त्याला तिथूनही काढलं आणि 'स्थान अनिश्चित' या रकान्यात टाकून दिलं. अर्को म्हणाला, "दी, बरं झालं. आता अनिश्चितवरून आणखी कुठे नेणार?"

या भरवशावर थिसिस छापली, काळी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. त्याच्या आईने ती देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. त्याच आठवड्यात पेपर आला. जीनसला नवीन घराणं मिळालं होतं!

अर्को लॅबमध्ये येऊन एसीखाली बसला. शुभ्रादींनी पाठीवर हात ठेवला तेव्हा फुटला.

"ते पेपरवाले थोडं थांबले असते तर काय बुरशी लागली असती?"

*

होता होता सरांच्या आडनावाची एकच जात उरली. सरांची पहिली, बेहालाच्या फळीवरची. आडनाव मुळात तिचंच, त्यामुळे ती जिथे जाईल तिथे सगळं जाणार. ती वेगळी निघाली तर सरांचा जीनस टिकला. दुसऱ्या कुणाच्या घरातली निघाली तर जीनस बुडाला. पण सरांनी जपलेला जुना नमुना इतका वाळलेला, की त्यातून डीएनए निघेना. त्याच तळ्यातून ताजी बुरशी आणायला हवी होती. बाहेरदेशी दोन गट हीच गोष्ट विचारायला लागले होते. शुभ्रादी म्हणाल्या, "जे व्हायचं ते परक्यांच्या हातून नको."

म्हणून आम्ही सगळे सरांना घेऊन बेहालाला. तळं होतं, पण चारी बाजूंनी फ्लॅट. घाटावर फरशी बसलेली, फळीचं नाव नाही. आम्ही गमबूट घालून काठावर उतरतोय, टेप लावून खोली बघतोय, तोवर गल्लीतल्या क्लबची माणसं गोळा झाली. "पुकुर बोजाते एशेछेन?" तळं बुजवायला आलात? त्यांना वाटलं, आम्ही बिल्डरची माणसं! एकाने अर्कोचा टेप काढून घेतला. वरच्या गॅलरीतून एक काकीमा ओरडल्या, "फोटो काढून ठेवा यांचे!"

सर पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "आम्हाला तळं नको. आम्हाला फक्त कुजकं लाकूड हवंय."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग क्लबचे एक जाडजूड गृहस्थ, सगळे त्यांना बापीदा म्हणत, ते म्हणाले, "कुजकं हवंय? मग आमच्या क्लबची कमिटी घेऊन जा!"

*

ते गमतीत बोलले, पण आमचं काम त्या कमिटीनेच केलं. इथे दुर्गापूजेच्या मूर्तीच्या आत लाकडाचा सांगाडा असतो, त्याला काठामो म्हणतात. दुर्गेसोबत लक्ष्मी, सरस्वती, गणेश सगळे त्याच्यावरच उभे. विसर्जन झालं की तो बाहेर काढून पुढच्या वर्षी पुन्हा वापरतात. पण यांच्या कमिटीत दोन तट. सांगाडा कुणी काढायचा यावरून भांडण झालं आणि तो तसाच तळ्यात राहिला. पुढच्या पूजेला नवा केला. जुना इतके दिवस पाण्यात, मस्तपैकी कुजत!

तुकडा कापून घ्यायचा म्हटल्यावर मात्र दोन्ही तट एक झाले. देवीचं लाकूड कापणार कसं? सर त्यांच्यासोबत क्लबात चहा प्यायला बसले. मला बाहेर चैन पडेना, मी काठावर फेऱ्या मारत होते. शेवटी बापीदा करवत घेऊनच बाहेर आले. देवीखालचं लाकूड द्यायला कुणी तयार नव्हतं, सरस्वतीचं नको, लक्ष्मीचं तर नकोच नको. मग बापीदांना आठवलं, की मी महाराष्ट्रातली.

करवत माझ्या हातात देऊन म्हणाले, "गणेशाच्या बाजूचं कापा. तुमचाच माणूस आहे, तुम्ही समजावून सांगा!"

मी मनात बाप्पाची माफी मागितली आणि कापलं.

*

त्यानंतरचे दिवस काही विचारू नका. डबा उघडला की आतली ओल जाते, म्हणून पुन्हा पुन्हा उघडायचा नाही, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. आणि तोच डबा जो तो येता जाता उघडत होता! मी उघडते तर आत अर्कोच्या बोटाचे ठसे. अर्को उघडतो तर शुभ्रादींचा केस. शेवटी शुभ्रादींनी डब्यावर 'उघडू नये' अशी चिठ्ठी लावली. चिकटवताना स्वतः एकदा उघडून बघितलं.

घरी वेगळंच. बँकेत बदल्यांची हवा सुटलेली. मागच्या गावाचं नाव लिहिलेली दोन खोकी अजून तशीच कपाटावर, फोडायची की नाही ते ठरत नव्हतं. मुलगी विचारायची, "आई, आम्ही जाबो ना थाकबो, सांग ना!" जायचं की राहायचं? तिचं मराठी असंच, अर्धं इथलं. नितीन म्हणाला, "तुझ्या सरांची बुरशी काय आणि मी काय. कुठे राहायचं ते तिसराच कुणीतरी ठरवणार." ऑर्डर अजूनही आलेली नाही. मी खोकीही फोडलेली नाहीत.

आणि एके दिवशी ठिपके आले! काळे, बारीक. एक फोडून पाण्याच्या थेंबात ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि दोन्ही टोकांचे दोरे सुळकन उलगडले. मी ओरडलेच. अर्को नाचला. शुभ्रादींच्या डोळ्यांत पाणी. सरांना खुर्ची पुढे केली.

सर काही बसेनात. "नाही. आधी निकाल लागू दे. नाव ठरू दे, मग बघेन. नावाशिवाय हाक काय मारू?"

*

डीएनए ताडून कोण कुणाच्या जवळचं याचं कॉम्प्युटर एक झाड काढतो. झाड आलं तेव्हा सर बाहेरच्या खोलीत होते. सरांची बुरशी दुसऱ्या एका जीनसच्या बरोबर मधोमध बसलेली, जणू तिथेच जन्मली. नियम असा, की दोन आडनावं एकच निघाली तर जुनं राहतं, नवं जातं. सरांचं नवं होतं.

शुभ्रादी म्हणाल्या, पुन्हा कर. अर्कोने पुन्हा केलं. वेगळ्या पद्धतीने कर. केलं. सगळं धुऊनपुसून पहिल्यापासून कर. तेही केलं. मला तिथे उभं राहवेना आणि बाहेर जाववेना. अखेर अर्को खुर्ची फिरवून म्हणाला, "शुभ्रादी, कितीही पाणी घाला, झाड हेच येणार."

जातीचं आडनाव बदललं, की पहिल्यांदा नाव देणाऱ्याचं नाव कंसात जातं. अर्को कसंनुसं हसून म्हणाला, "म्हणजे आता सर कंसात!"

कुणी हसलं नाही. तोही मग खाली मान घालून बसला. मला त्या क्षणी सगळ्या डीएनएचा असा राग आला, की तो डबा उचलून परत तळ्यात टाकावासा वाटला.

सरांना सांगणार कोण? शुभ्रादी म्हणाल्या, मी विद्यार्थिनी, माझ्या तोंडून कसं? अर्को म्हणाला, मी तर अजून डॉक्टरही नाही. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी बदलीवाली ना, वाईट बातमी सांगून गाव सोडायची सोय!

*

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन करून घरी येते म्हणणार होते. पण सकाळी लॅबचं दार उघडलं आणि सरच आत आले. हातात संदेशचा खोका, नेहमीपेक्षा मोठा.

शुभ्रादी उठल्या. सर म्हणाले, "काल दिवसभरात मला कुणी चहा विचारला नाही. तेव्हाच समजलं." मग खोका टेबलावर ठेवून त्याची दोरी सोडत म्हणाले, "कुणाकडे गेली?"

मी नाव सांगितलं.

"जुनं घर आहे," सर म्हणाले. "चांगली माणसं." एकेकाच्या हातावर संदेश ठेवला. मीही खाल्ला. शुभ्रादी रडत रडत खात होत्या, आणि सर त्यांना "शुभ्रा, सावकाश" म्हणत होते.

मग रुमालाने हात पुसून सर सूक्ष्मदर्शकापाशी बसले. "आता दाखव."

मी ठिपका फोडला, काचेवर ठेवला, पाण्याचा थेंब सोडला. सरांनी चष्मा काढून डोळा लावला. आम्ही तिघं त्यांच्या मागे उभे.

सरांनी फोकसचं चाक किंचित फिरवलं. मग डोळा तसाच लावलेला ठेवून, हळूच, हसू आवरत म्हणाले,

"दोरे कसे सोडतेय बघा! हिला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही!"