शेवटची ओळ

कांबळेबाई बऱ्या झाल्या म्हणून मी छापखानाभर पेढे वाटले, आणि त्या बऱ्या झालेल्या नव्हत्या.

बाई आमच्याकडे मुद्रितशोधक. मी अक्षरजुळणीला, म्हणजे चुका पुरवायला. त्यांचं बोलणं अस्सल कळंब्याचं, पण कागदावर एक वेलांटी हलू द्यायच्या नाहीत. आणि वाचायच्या खालून वर, स्टीलची पट्टी एकेक ओळ सरकवत. “सुरवात समदेच नीट करत्यात,” म्हणायच्या. “मानूस दमतो शेवटाला. चूक तितंच दबा धरून बसलेली असती.”

स्वादुपिंडाचा कसलासा दुर्मीळ कॅन्सर निघाला, तेव्हा त्यांचा रजेचा अर्ज मीच टाइप केला. ‘स्वादुपिंड’मधला दु मी दीर्घ काढला. बाईंचं लाल पेन तिथं बरोबर थांबलं. “अवयव माझा बिघडलाय, त्येला आनि तू कशाला बिघडवतोस?”

ऑपरेशनमध्ये स्वादुपिंडाचा तुकडा गेला. बाई तीन महिन्यांत पुन्हा टेबलाशी. “लाखात एकाद्यालाच हुतोय म्हनं. एवढी लॉटरीची तिकिटं काढली, ती न्हाय लागली. ह्यो लागला.”

दोन वर्षांनी स्कॅन झाला. धाकटी लेक सुजाता शाळेत शिकवायला गेलेली, म्हणून रिपोर्ट आणायला मी गेलो. पहिल्या पानावर छापलं होतं, ऑपरेशनच्या जागी काही नाही. मी पान उलटलंच नाही. वाटेत पेढे घेतले.

बाईंनी पेढा तोंडात टाकला, रिपोर्टचं शेवटचं पान काढलं आणि तळाला पट्टी लावली. पट्टी दुसऱ्याच ओळीवर थांबली.

“लिव्हरवर ठिपकं हायती,” त्या म्हणाल्या. “परत आलाय त्यो.”

सगळ्यांचे जबडे जागच्या जागी थांबले. मी रिकामा पुडा घेऊन पेढे गोळा करायला निघालो.

“खाल्लेलं परत मागतोस व्हय रं गाढवा? बस खाली.” मग पट्टी पदराला पुसत, जरा हळू, “सुजीचं लगीन तेवढं बघाय पायजे.”

आता कापून उपयोग नव्हता. दर महिन्याला इंजेक्शन. त्या तारखा चुकवून बाईंनी लग्नाची तारीख धरली. पत्रिका मी जुळवली, त्यांनी तीनदा खालून वर वाचली. अगदी तळाला थोरलीच्या पोरांची ओळ होती: ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ शेवटच्या ‘हं’वरचा अनुस्वार मी खाल्ला होता; तो बाईंनी स्वतः दिला. लग्नात खुर्चीत बसून का होईना, त्यांनी लेकीवर मूठभर फुलं टाकली.

पावसाळा सरला आणि बाई गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या कार्डाला मी कुणाला हात लावू दिला नाही. घर तेच, पत्ता तोच, म्हणून लग्नाचीच फाइल उघडून मजकूर बदलला. वरून खाली चारदा वाचला. चारही वेळा बाईंच्या नावाआधीच्या ‘कालकथित’पाशी डोळे भरले आणि त्याखालचं काही दिसेना.

सुजाता प्रूफ बघायला आली. तिनं आईच्या टेबलावरची पट्टी उचलली, कार्डाच्या तळाला लावली, आणि पहिल्याच ओळीवर अडली.

“‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’” तिनं मोठ्यानं वाचलं.

“काका,” नाक पुसत ती म्हणाली, “आई तुम्हाला गाढव म्हणायची, ते मला मायेनं वाटायचं. तपासून म्हणायची की ओ!”