पाकिटावर एकच नाव

टेस्साचं पहिलं पत्र आलं ते मंगळवारी, आणि दैव बघा, आलं ते थेट तिच्या आईच्याच हातात. येणारच की! त्या गावात टपाल वाटायला लोर्ना वाव्राशिवाय दुसरं होतं कोण? बावीस वर्षं ती आपल्या जुन्या जीपमधून नेब्रास्कातल्या मक्याच्या रानांतून फिरत होती. रोज रस्त्याकडेच्या तीनशे चाळीस टपालपेट्या भरायच्या, मग बर्फ पडो की वादळ होवो. सकाळी सातला पोस्टात उभी राहून ती पत्रं खणांत लावत होती, तेवढ्यात एक पातळ पाकीट हाताला लागलं. अक्षर लेकीचं, पत्ता घरचा. नाव मात्र एकच: मायलो वाव्रा. बापाचं. आईचं नाव कुठंच नव्हतं.

पोस्टमास्तरीण बर्निस शेजारीच चहा घेत होती. तिनं मान लांब करून पाहिलं.

"अगं, बघत काय बसलीस? उघड की!"

"माझ्या नावाचं नाही."

"नवऱ्याच्या नावाचं आहे ना? नवरा काय परका आहे?"

"बावीस वर्षांत दुसऱ्याचं पाकीट फोडलं नाही. आता फोडू होय?"

"धन्य आहेस बाई," बर्निस म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर एव्हाना वाचून, रडून, परत चिकटवून ठेवलं असतं."

लोर्नाला हसू आलं नाही. पाकिटावर आपलं नाव का नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हिवाळ्यात टेस्सा सैन्याच्या भरतीचा कागद घेऊन आली, तेव्हा पोरगी सतरा वर्षांची होती. आईबाप दोघांच्या सह्या लागत होत्या. मायलोनं डोळे पुसत का होईना, केली सही. लोर्नानं पेन टेबलावर आपटलं. एकुलती एक पोर, तिला बंदुकीशी खेळायला पाठवू? जमणार नाही म्हणजे नाही. शब्दाला शब्द वाढला. "तुझ्या पेट्यांच्या पलीकडेही जग आहे, मॉम," असं लेक बोलून गेली, आणि ते मात्र लोर्नाच्या काळजात रुतून बसलं. मग पोरीला अठरा वर्षं पूर्ण झाली. आता सही तिची तिलाच पुरत होती. जूनमध्ये ती मिझुरीच्या छावणीत प्रशिक्षणाला निघाली, त्या सकाळी लोर्ना नेहमीसारखी टपाल वाटायला गेली. सुट्टी मागितली असती तर बर्निसनं एक सोडून दहा दिल्या असत्या. मागितलीच नाही. हट्टी माणसाला देव अक्कल देतो, पण उशिरा देतो.

छावणीत पोचल्यावर पोरीचा एक फोन आला होता, तोही मायलोला. अर्ध्या मिनिटाचा, समोरचा कागद वाचल्यासारखा. पोचले, बरी आहे, खायचं काही पाठवू नका, पत्ता पत्रानं कळवीन. लोर्ना कणकेचे हात पुसून धावली तोवर फोन बंद झाला होता. त्याला आज तीन आठवडे झाले. वाटेवरचे लोक पेटीपाशी उभे राहून विचारायचे, "काय म्हणते आपली शिपाईण?" आणि ही बेधडक थापा मारायची, "मजेत आहे हो! जेवण आवडलंय तिला!"

तर ते पाकीट तिनं बाकीच्या टपालात, त्याच्या क्रमानं ठेवलं आणि निघाली. वाटेत फक्त एकदा, एकदाच, गाडी थांबवून तिनं ते उन्हासमोर धरलं. खोटं कशाला बोला? काही दिसलं नाही. आपल्या घरची पेटी आली तेव्हा तिनं पाकीट आत टाकलं, झाकण लावलं आणि उरलेल्या पेट्या वाटायला पुढं गेली. दुपारी घरी येऊन तेच पाकीट तिनं पेटीतून बाहेर काढलं आणि टेबलावर मायलोच्या खुर्चीसमोर ठेवलं. मग हातांना काही काम हवं म्हणून खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, भाजायला घेतले. पहिली खेप करपली. दुसऱ्या खेपेत साखर घालायची राहिली.

साडेपाचला मायलो धान्याच्या कोठारावरून आला, अंगभर भुसा घेऊन. पाकीट पाहून जागीच थबकला.

"कधी आलं?"

"सकाळी सातला."

"आणि तू उघडलं नाहीस?"

"मायलो, हात धू आणि वाच. माझा जीव जायची वेळ आली."

तो वाचायला लागला, पण मनातल्या मनात. नुसते ओठ हलत होते.

"मोठ्यानं वाच की रे!"

"थांब जरा. इथं लिहिलंय, 'डॅड, आधी मॉमला खाली बसव.' बस."

लोर्ना बसली. मायलो खाकरून वाचू लागला.

"'पाकिटावर मुद्दाम तुझंच नाव घातलंय. मॉमचं घातलं असतं तर तिनं ते सकाळीच उघडलं असतं आणि रडत रडत गाडी कुणाच्या तरी मक्यात घातली असती. तुझ्या नावाचं असलं की ती हात लावणार नाही.'"

"बघा, कार्टीची अक्कल बघा!" लोर्ना म्हणाली.

"'पायांना फोड आलेत. आमची सार्जंट मॉमपेक्षा मोठ्यानं ओरडते, तुला खोटं वाटेल. मॉमनं सही केली नाही त्याचा राग अजून आहे. निघाले तेव्हा ती आली नाही, त्याचा तर जास्तच.'"

लोर्नानं तोंडावर हात धरला. मायलो थांबला.

"वाच," ती म्हणाली. "खरंच आहे ते."

"'इथं आल्या आल्या एक कागद भरून घेतात. मला काही झालं तर आधी कुणाला कळवायचं, त्याचं नाव. शेजारची पोरगी किती तरी वेळ पेन चावत बसली होती. मी लगेच लिहिलं. मॉमचं. डॅड, वाईट वाटून घेऊ नकोस. तू कोसळशील. मॉम ऐकून घेईल, मग तुला धरेल, मग सगळ्यांना फोन करेल. तिच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही.'"

मायलोनं चष्मा काढला. "खरंय तिचं," तो हळूच म्हणाला. "मी कोसळेनच."

ज्या एका निरोपाच्या भीतीनं लोर्नानं सही नाकारली होती, तोच निरोप पोरीनं विश्वासानं तिच्या नावावर लिहून ठेवला होता. राग तसाच ठेवून. मग ती रडली, अगदी हमसून हमसून, टेबलावर डोकं ठेवून. मायलोला काय करावं सुचेना. तो आपला भुसा लागलेल्या हातांनी तिची पाठ थोपटत राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड धुतलं, वही काढली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"तिचा पत्ता सांग. सावकाश."

पत्ता तिनं झरझर लिहिला, पण पुढं घोडं अडलं. मायलो जेवला, त्याची भांडीही धुऊन झाली, तरी ती पेन धरून तशीच बसली होती. अखेर तिनं पहिली ओळ लिहिली: "टेस्सा, त्या सकाळी मी यायला हवं होतं. चुकलं माझं."