जपानला गेलेला डबा

सणसरमध्ये कुणाकडं काय शिजलं हे कळायला दारोदार फिरावं लागत नाही. मेहबूबबीच्या मांडणीवर नजर टाकली की पुरे. तिथं तिच्या स्वतःच्या डब्यांपेक्षा दुसऱ्यांचेच डबे जास्त. कुणाचा दिवाळीच्या चकल्या घेऊन आलेला, कुणाचा बारशाच्या घुगऱ्या नि पेढे घेऊन आलेला, कुणाचा म्हैस व्याली म्हणून खरवस घेऊन आलेला. सगळे घासूनपुसून पालथे घातलेले, आणि परत जायची वाट बघत बसलेले. कारण मेहबूबबीच्या घरातून डबा रिकामा परत जात नाही. ईदेला शीरखुर्मा तर जातोच, पण एरवीही काही नाही तर चार वांगी जातात, मूठभर शेंगा जातात. अगदीच काही नसलं तर ती डब्यात चिमूटभर साखर टाकते आणि मग झाकण लावते.

हे झालं तिचं देण्याचं अंग. घेण्याचं अंग याहून कडक. आपला डबा दुसऱ्याकडं राहिलेला तिला खपत नाही. एकदा ती पणदऱ्याला लग्नाला गेली आणि नवरीकडच्या मुदपाकखान्यात तिला आपला हरवलेला डबा दिसला. तिनं त्यातले लाडू परातीत ओतले, डबा पदरानं पुसला, काखेत मारला आणि तशीच अक्षता टाकायला मांडवात गेली. आहेर घेतानाच्या फोटोत तो डबा अजून दिसतो.

नवरा इस्माईलभाई, त्यांचं रस्त्याकडेला भांड्यांचं दुकान. भांड्यावर नाव घालायचं मशीनही त्यांच्याकडंच, त्यामुळं गावातल्या निम्म्या डब्यांवर त्यांचं अक्षर आहे. ते इतकं वाईट आहे की लोक नाव वाचत नाहीत, वळण बघूनच आपला डबा ओळखतात.

आणि भिंतीला भिंत लागून तानूबाई. सोनबाची बायको. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता चार म्हशी आणि ऊस आहे. मेहबूबबी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून या दोघींच्या डब्यांची ये-जा चालू आहे. मधे एकदा कुंपणावरून दोन्ही घरांची कोर्टात जायची वेळ आली होती, बापेमाणसं एकमेकांचं तोंड बघत नव्हती, पण डबे त्या कुंपणावरूनच जात होते.

गेल्या नोव्हेंबरात मेहबूबबीची धाकटी, मुबशिरा, जपानला निघाली. ती बारामतीला कॉलेजात. विद्यापीठानं जपानची संस्कृती बघायला म्हणून वेगवेगळ्या कॉलेजांतली मुलं निवडली, त्यात हिचं नाव आलं. शेवटचा आठवडा एकेका मुलानं एकेका जपानी घरात राहायचं होतं. बरोबर जाणारे राजवर्धन सर घरी येऊन समजावून गेले, की घरवालीला काहीतरी छोटी भेट न्या, तिकडं ती रीत आहे.

"ही रीत त्यास्नी कुणी शिकवली?" मेहबूबबीनं विचारलं. आपल्याखेरीज कुणाला ती ठाऊक असेल हे तिला पटलं नव्हतं.

तिनं गूळ-खोबऱ्याच्या वड्या केल्या. निघायच्या दिवशी घरात नुसता गोंधळ. बॅगेचं वजन करायला सोनबानं पोती तोलायचा काटा आणलेला, इस्माईलभाई पासपोर्ट एकदा खिशात घालत होते, एकदा काढत होते, आणि तानूबाई दारात लिंबू घेऊन उभी. मेहबूबबी स्वयंपाकघरातून ओरडली, "घट्ट झाकणाचा डबा घे गं. सैल घेतलास तर विमानात वड्या सांडतील."

मुबशिरानं मांडणीवरचे डबे उघडून बघितले आणि सगळ्यात घट्ट झाकणाचा उचलला. ती बॅग गाडीत नेऊन ठेवली कुणी, तर तानूबाईनं.

तिसऱ्या दिवशी मेहबूबबी भाकऱ्या थापत होती. तानूबाईची म्हैस व्याल्यावर खरवस आला होता, त्याचा डबा परत करायचा म्हणून तिनं मांडणीकडं हात नेला आणि तो हात तिथंच राहिला. तानूबाईचा डबा नव्हता. भाकरी तव्यावर करपली तरी तिला कळलं नाही.

तो काही साधा डबा नव्हता. तानूबाईच्या लग्नात तिच्या आईनं दिलेला. मशीनच्या आधीचा, त्यामुळं झाकणावर छिन्नीनं टिंब-टिंब पाडून लिहिलेलं: 'चि. सौ. कां. तानूबाई हिस आईकडून. लासुर्णे.' ती आई लग्नानंतर दोन वर्षांत गेली. माहेरचं म्हणावं असं तानूबाईकडं दुसरं काही उरलं नव्हतं, आणि तो डबा ती गावात एकट्या मेहबूबबीकडं पाठवायची.  दुसऱ्यांच्या लग्नातून डबे उचलून आणणारी बाई, तिनंच शेजारणीच्या आईची आठवण दर्यापार पाठवली होती.

तिनं मुबशिराला फोन लावला. ती म्हणाली, अम्मी, आम्ही देवळं बघतोय, चार दिवसांनी घरी राहायला गेल्यावर डबा देणार आहे. मेहबूबबी म्हणाली, दिऊ नको. मुबशिरा म्हणाली, भेट दुसऱ्या कशात देऊ, कागदात? मग आवाज तुटला.

मेहबूबबी वेळ मारून न्यायला लागली. तानूबाईकडं स्वतःच्याच डब्यातून खीर पाठवली. तानूबाईनं त्या डब्यातून थालीपीठं पाठवली. हिनं बिर्याणी पाठवली. तिनं पुरणपोळ्या पाठवल्या. हिनं गुळाचे रोट पाठवले, तेव्हा सोनबा कुंपणापाशी येऊन इस्माईलभाईंना म्हणाला, "इस्माईलराव, काय चाललंय काय? माझं प्वाट बिघडलंय."

"माझंबी," इस्माईलभाई म्हणाले.

तानूबाई मात्र सरळ बाई. तिनं भिंतीवरून विचारलं, "मेहबूबबी, माझा डबा काय करतोय गं तुझ्याकडं?"

"घासायला काढलाय."

"चार दिस?"

"लई चिकट झाला होता," मेहबूबबी म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपल्याच घरातल्या भांड्याला चिकट म्हटलं.

इस्माईलभाईंनी तोडगा काढला. दुकानात तशाच घाटाचा जुना माल पडला होता. ते म्हणाले, "अर्ध्या तासात टिंब-टिंब पाडून देतो. कुणाच्या बापाला कळायचं न्हाय."

"तिच्या बापाला न्हाय कळायचं," मेहबूबबी म्हणाली, "पर डबा तिच्या आईचा हाय." आणि तुमचं अक्षर आंधळ्यालाबी कळंल, हे ती त्यांना वाईट वाटू नये म्हणून जरा हळू बोलली.

मग एका दुपारी मुबशिराचा व्हिडिओ कॉल आला. ती आता त्या घरात राहायला गेली होती. घरवालीचं नाव होरिउची, सत्तरीची बारकी, टुणटुणीत बाई. वड्या सगळ्यांना फार आवडल्या, मुबशिरा सांगत होती, आणि अम्मी, हे बघ. तिनं फोन फिरवला. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक मोठा कोनाडा होता, त्यात भिंतीवर एक लांबट चित्र टांगलेलं, आणि चित्राखाली मधोमध तानूबाईचा डबा. शेजारी झाकण उभं करून ठेवलेलं, अक्षरं सगळ्यांना दिसतील असं. डब्यात शेवंतीचं एकच फूल.

"त्यांनी विचारलं, काय लिहिलंय," मुबशिरा म्हणाली. "मी वाचून दाखवलं. तर त्यांना वाटतंय तुझंच नाव तानूबाई. तानूबाई-सान तानूबाई-सान म्हणून रोज तुझी चौकशी करतात. इकडं नावापुढं मानानं 'सान' लावतात."

फोनमध्ये होरिउचीबाई आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि कपाळ जमिनीला टेकेल इतक्या वाकल्या. "तानूबाई-सान," त्या म्हणाल्या.

"काय गं?" मागून आवाज आला.

तानूबाई पुरणपोळ्यांचा राहिलेला कट घेऊन आली होती. आमच्याकडं कडी वाजवून आत यायची पद्धत नाही, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच मेहबूबबीला वाटलं की ती असायला हवी होती. तानूबाईनं फोनात बघितलं. म्हातारी वाकलेली बघून तिनं सवयीनं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मग तिला कोनाडा दिसला. ती बघत राहिली.  होरिउचीबाई आपल्या परत परत वाकत होत्या आणि तानूबाईचे हात जोडलेले तसेच होते.

"माझा डबा हाय त्यो," ती शेवटी म्हणाली. कट ओट्यावर ठेवला आणि गेली.

भांडली असती तर मेहबूबबीला बरं वाटलं असतं. तिची उत्तरं तयार होती, रडणंही तयार होतं. पण तानूबाई आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावर मेहबूबबीचा डबा होता, रोट घेऊन गेलेला. तिनं झाकण उघडलं. डबा स्वच्छ घासलेला होता आणि रिकामा होता. चिमूटभर साखरसुद्धा नव्हती.

मेहबूबबी तो डबा मांडीवर घेऊन ओट्याखाली बसली. कोर्टाच्या वेळीसुद्धा असं झालं नव्हतं. इस्माईलभाई जेवायला आले आणि तिचं तोंड बघून न जेवताच दुकानात गेले. सोनबानंही त्या दिवशी कुंपणाशी येऊन पोटाची तक्रार केली नाही.

संध्याकाळी तिनं मुबशिराला फोन केला. "डबा परत माग."

"अम्मी, दिलेली वस्तू परत मागतात का? आमची सगळी ट्रीपच संस्कृतीची आहे. राजवर्धन सर काय म्हणतील?"

"सरांचा डबा गेला असता म्हणजे त्यास्नी कळलं असतं. मुबशिरा, तानूबाईनं डबा रिकामा धाडलाय."

 मुबशिरा त्याच घरात वाढली होती. याचा अर्थ तिला सांगायची गरज नव्हती. तिनं फोन चालू ठेवला, होरिउचीबाईंना बोलावलं, आणि त्यांच्या मोबाईलमध्ये बोलून जपानीत उतरवत, अडखळत, कान लाल होईपर्यंत सगळं सांगितलं. डबा शेजारच्या काकूंचा आहे. त्यांच्या आईचा आहे. चुकून आला. परत हवा आहे.

होरिउचीबाईंनी छातीवर हात ठेवला. मेहबूबबीला वाटलं, संपलं, बाईला लागलं. पण त्या हसायला लागल्या, तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग भराभर बोलायला लागल्या. मोबाईल मागं पडला. मुबशिरा त्यावर उमटेल तेवढं वाचून फोनवर सांगत गेली.

"अम्मी, त्या म्हणतायत, देवा, बरं झालं. त्यांना कळतच नव्हतं की डबा दिलाय की परत करायचाय. विचारणं बरं दिसेना. आणि परत करायचा तर त्यात काय घालायचं, हेच ठरेना. त्यांच्या सासूनं शिकवलंय की शेजारणीचं भांडं रिकामं द्यायचं नसतं. काहीच नसलं तर आगपेटी तरी टाकायची."

"मग त्ये फूल?"

मुबशिरानं विचारून सांगितलं, "काय घालायचं ते ठरेपर्यंत डबा रिकामा राहू नये म्हणून."

मेहबूबबीनं त्या म्हातारीकडं नीट बघितलं. इतका वेळ ती तिला डबा चोरणारी बाई वाटत होती. तिला पुढं होऊन तिचे हात धरावेसे वाटले, पण मधे फोन होता. मग तिनंही बसल्या जागी कपाळ फरशीला टेकलं, आणि पाणी मागायला आलेल्या इस्माईलभाईंना वाटलं हिला भोवळ आली.

मुबशिरा परतली, तेव्हा सबंध वाटेत डबा तिनं मांडीवरून खाली ठेवला नव्हता. तो एका निळ्या फडक्यात गाठ मारून बांधलेला, आणि जड. मेहबूबबीनं आत डोकावूनही बघितलं नाही. तशीच चपला न घालता ती तानूबाईच्या दारात गेली. मागं मुबशिरा.

तानूबाई म्हशीला वैरण टाकत होती. तिनं हात लुगड्याला पुसले, गाठ सोडली, आधी झाकण बघितलं. टिंबांवरून बोट फिरवलं. लासुर्ण्यापर्यंत गेली तेव्हा मग डबा उघडला. आत मिठात मुरवलेली लालसर, सुरकुतलेली फळं होती, बोराएवढी, ठासून भरलेली.

"होरिउचीबाईंनी स्वतः घातलंय लोणचं," मुबशिरा म्हणाली. "तानूबाई-सानसाठी."

तानूबाईनं एक तोंडात टाकलं. तिचा एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. बी थुंकून ती म्हणाली, "आंबट हाय. पर बाईला मीठ कळतंय." आणि अजून एक घेतलं.

मेहबूबबी तशीच उभी होती. ती म्हणाली, "येते मग."

"कुठं निघालीस?" तानूबाईनं घरातून वाडगा आणला, सगळं लोणचं त्यात ओतलं, डबा नळाखाली विसळला, पदरानं पुसला आणि मेहबूबबीच्या हातात कोंबला. "ह्ये जपानच्या बाईचं झालं. माझा खरवस खाल्लास त्याचं काय? तू डबा रिकामाच आणलायस."

मेहबूबबीनं डबा छातीशी धरला. ती हसायला लागली आणि रडायलाही लागली, आणि तानूबाई वैतागून म्हशीकडं वळली.

"आन ह्या वक्ताला कुंपणावरनं दे," ती न वळता म्हणाली. "जपानावरनं नको."