पुटकुळी

गंगापूर रोडवरच्या वाचनालयात दर शनिवारी हिजाब घातलेली एक शाळकरी मुलगी यायची. तिचं बोट सतत हनुवटीवरच्या पुटकुळीशी खेळत असे. मी समोर बसून प्रबंधाचं वाचन करत असे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

ती किशोर-कादंबऱ्यांच्या कपाटाशी गेली, की ग्रंथपालबाई एकच पुस्तक पुढे करत. मुखपृष्ठावर हिजाबातली मुलगी. एका शनिवारीही तेच झालं.

"हे ने गं. तुझ्यासारखीच आहे. शाळेत सगळे तिच्यावर संशय घेतात. आणि तुझं मराठी किती छान आहे!"

"तुमचंही छान आहे, मॅडम," ती थकून म्हणाली. "पण हे मी वाचलंय. संशयाचं मला माहितीये. हिला एकसुद्धा पुटकुळी येत नाही. मला ती सहलीची कादंबरी द्या ना, ज्यातली मुलगी पुटकुळीमुळे फोटो काढताना लपते."

"अगं, पण ती तुमच्यातली नाही."

"पुटकुळी आमच्यातलीच आहे."

बाईंनी हसून पुस्तक दिलं. ती उभ्याउभ्याच वाचू लागली. बोट हनुवटीवरून पानावर उतरलं.

पुढच्या शनिवारी बाईंनी पुन्हा तेच मुखपृष्ठ पुढे केलं. फसलेला प्रयोग पहिल्यापासून मांडावा, तशा शांतपणे ती म्हणाली, "मॅडम, हे मी वाचलंय."