नाव आधी, तपशील मागून

माझ्या मोहनामावशीला स्टोअरकीपर व्हायचं होतं. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं ती स्टोअरमध्ये हेल्पर होती. वर चढायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे. त्यातल्या अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉजवर ती दोनदा अडली होती. आता तिसरी खेप, आणि शेवटची. पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं.

संध्याकाळी ती पाणीगेटला दीनानाथकाकांकडे जायची. काका शाळेतून निवृत्त झालेले. ते वाक्य लिहीत आणि त्यातला नामाचं वर्णन करणारा भाग ओळखून मावशी त्याखाली रेघ ओढायची.

‘द की दॅट ओपन्स धिस लॉक इज लॉस्ट.’

मावशीने ‘द की’खाली रेघ ओढली.

“अगं, चावीचं वर्णन विचारलंय, चावी नाही.”

“वर्णन आधीच येणार ना, काका? जी चावी हे कुलूप उघडते, ती हरवली. आपण असंच बोलतो ने.”

“ते लोक उलटं बोलतात.”

“मग त्यांना समजतं कसं?”

“त्यांना समजतं. प्रश्न तुझा आहे.”

दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या खिडकीशी फिटर विक्रमसिंह येऊन गुजरातीत म्हणाला, “मोहनाबेन, दहाचा हेक्स बोल्ट आपो ने.”

मावशी रॅकपाशी गेली. प्रत्येक खणाला पुठ्ठ्याचं बिन कार्ड लटकत होतं. या खणावरचं तिने हजारदा वाचलेलं: बोल्ट, हेक्स, दहा एमएम, झिंक. नाव आधी. तपशील मागून. पंख्याच्या वाऱ्याने कार्ड हळूहळू फिरत होतं आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली.

“मोहनाबेन, ऊंघी गया के शुं?”

“नाही रे भाई. आत्ताच जागी झाले.”

घरी जाताना गोत्रीच्या बसमध्ये तिला सगळ्यालाच कार्डं लटकलेली दिसू लागली. बाई, जिच्या मांडीवर मेथीची जुडी आहे. कडुलिंब, ज्याच्या सावलीत पंक्चरवाला बसतो. आकाश, जे अजून पुरतं विझलेलं नाही. तिने डोळे मिटले तरी कार्डं डुलत होती. तिचा स्टॉप मागे पडला, तेव्हा कुठे ती उतरली आणि सावकाश चालत परत आली.

परीक्षेत वाक्य होतं, ‘द वूमन हू कीप्स द कीज हॅज गॉन होम.’ मावशीने आधी बाई शोधली, मग तिचं कार्ड. ‘हू कीप्स द कीज’खाली तिने पट्टी धरून रेघ ओढली.

महिन्याभराने यादीत तिचं नाव लागलं. नव्या कामाच्या पहिल्याच संध्याकाळी ती काकांकडे गेली आणि कोऱ्या बिन कार्डावर इंग्रजीत लिहिलेली एक ओळ तिने पुढे केली: ‘मोहना, हू कीप्स द कीज’.

काकांनी सवयीने लाल पेन उघडलं. “स्वल्पविराम बरोबर. पण वाक्य अपुरं आहे. मुख्य क्रियापद कुठंय?”

“राहू दे ने, काका,” मावशी म्हणाली. कमरेचा जुडगा तिने हाताने दाबून धरला होता, आवाज होऊ नये म्हणून. “चाव्या आजच मिळाल्यात.”

काकांनी पेनाला टोपण लावलं.