लग्नातल्या सायकलीची कंपनी

लग्नात माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, एकच गोष्ट मागितली होती. सायकल. "पण कंपनीची पायजे बरं का, व्याही. लोकल चालणार न्हाई." नव्वदीची सुरुवात होती. कुरुंद्याकडच्या आमच्या खेड्यांत तेव्हा कंपनीच्या सायकलीचा फार तोरा. बाबांना वाचता येत नव्हतं. हिंगोलीच्या दुकानदारानं "कंपनीचीच हाय" म्हणून दिली ती काळीभोर सायकल ते घेऊन आले. मांडवात पाच सवाष्णींनी तिला हळदकुंकू लावलं. हँडलच्या खाली, जिथं नावाची पट्टी असते, तिथं तर थापलंच. आणि लग्नातल्या सायकलीची हळद पुसायची नसते, आपसूक जाऊ द्यायची, ही आमच्या घरातली रीत. त्यामुळं नाव कुणी वाचलंच नाही.

हळद गेली ती आखाडात. नवी सून आखाडाला माहेरी जाते तशी मी माहेरी आलेली, आणि तिकडं मामंजींना दिसलं की हळदीखाली नावच नाही!

आखाड सरला. गावातल्या बाकीच्या नव्या पोरी सासरी गेल्या. मला न्यायला कुणी येईना. निरोप तेवढा आला, "सायकल कोण्या कंपनीची ते आधी सांगा, मंग सून नेतो." जळ्ळी ती सायकल! मला नवरा आवडला होता हो, पण हे आईला सांगायचं कसं? पाण्यावर बाया विचारायच्या, "काहून गं, अजून हितंच?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी एक दिवस मामंजी स्वतःच आले. तेही त्याच सायकलीच्या कॅरेजवर बसून. चालवत होता माझा नवरा, खाली मान घालून. मामंजींनी अंगणात सायकल उलटी केली आणि म्हणाले, "हं, ठरवा आता."

अर्धं गाव गोळा झालं. चुलत्यांनी दांडीवर पाना मारून कान लावला. "आवाज खणखणीत हाय. कंपनीचीच."

"मडकं घेऊन राहिले का बाजारात?" मामंजी म्हणाले.

गिरणीवाल्याला सीटखाली फ्रेमवर ठोकलेला नंबर सापडला. "नंबर हाय म्हंजे कंपनी हाय!"

"नंबर तर एसटीलाबी असतो."

मग कुरुंद्याहून सायकलवाल्याला आणलं. त्यानं रंग खरवडला, नखावर घेऊन चक्क चाखला आणि सांगितलं, "पंजाबचा माल." आमचा एक पाहुणा नांदेडात सायकलीच्या दुकानात कामाला राहिलेला. तो म्हणाला, "छ्या! हा तर मद्रासचा." झालं! दोघांची तिथंच जुंपली. सायकल राहिली बाजूला, एकमेकांच्या उस्तादांचा उद्धार सुरू. आईनं पुन्हा चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात शाळेचे गुरुजी वाकले. हँडलखाली त्यांना दोन बारीक भोकं दिसली, वाळलेल्या हळदीनं बुजलेली. काडेपेटीच्या काडीनं त्यांनी ती उकरली. "हितं पट्टी होती. कुणीतरी काढलीय."

मामंजी बाबांकडं वळले. "म्हंजे लोकल पट्टी उपटली, वरून हळद थापली आन् आमाला फसवलं. व्हय ना?"

बाबांचा हात हळूहळू टोपीकडं गेला. आता टोपी काढून ते ह्या माणसाच्या पायावर ठेवणार, हे मला दाराआडून कळलं.

"पट्टी मी काढली," माझा नवरा म्हणाला.

"तू?"

"हळद लागायच्या आधी, सायकल आपल्या जानवशात आणून ठेवली होती तवा. हिंगोलीच्या दुकानाचंच नाव होतं तिच्यावर, तिथंच जोडलेली हाय ही. तुमी वाचलं असतं तर वऱ्हाड माघारी नेलं असतं."

"नेलंच असतं!"

"मंग? मला हीच पोरगी पायजे होती."

"आन् आखाडभर तोंडात काय गुळणी धरली होती?"

"तुमी मारलं असतं."

"आताबी मारीन!"

आखाडभर मी नवऱ्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! मेंगळट, बापाच्या ताटाखालचं मांजर. सगळं तिथल्या तिथं मागं घेतलं. रडूही आलं, हसूही आलं, पदर तोंडात कोंबून उभी राहिले.

मामंजींनी बाबांचा टोपीवरचा हात धरून खाली घेतला. "राहू द्या, व्याही. चोर तर आमच्याच घरचा निघाला." मग सायकलीकडं बघत पुटपुटले, "आता ह्या लोकल मालाचं करावं काय?"

नवी सून सासऱ्यापुढं बोलत नसते. मी पिशवी उचलली, दारात आले आणि म्हटलं, "मामंजी, मला तिच्यावर बसून घरी जायचंय."

कॅरेज एकच होतं. मामंजी एसटीनं आले.